एक्सप्लोरर, २००७: बर्फ दिसला होता, पण कुठला ते कळलं नाही

ध्रुवीय जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या खोलीत, काय चालतं हे पोरांना सांगायचं झालं की मी टायटॅनिक घेत नाही. टायटॅनिकचा शेवट सगळ्यांना आधीच पाठ असतोय, मग कोण हिरो, कोण व्हिलन, यातच तास संपतोय. त्यापेक्षा मी एक्सप्लोररची केस देतो. छोटं लाल जहाज, वर १५४ माणसं, २३ नोव्हेंबर २००७ ला अंटार्क्टिकाजवळ बर्फाला धडकलं आणि त्याच दिवशी बुडालं, पण माणूस एकही गेला नाही. बहुतेक म्हणूनच ही केस लोक विसरून गेलेत. आणि माझ्या मते म्हणूनच ती शिकायला बेस्ट आहे, रडारड नाही, नुसतं बघायचं की ब्रिजवर काय ठरलं आणि का ठरलं.

थोडं आमच्याबद्दल. बेळगावात टिळकवाडीत एका मित्राच्या घराच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी आम्ही जमतो, मी आणि मर्चंट नेव्हीतून परत आलेले अजून दोघं. मी स्वतः मालवाहू जहाजांवर होतो, सेकंड मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा ऑफिसर, म्हणून उतरलो. समोर बसतात ती पोरं निपाणी, खानापूर, येळ्ळूर, बेळगाव अशी सगळीकडची, बारावी सायन्स झालेली, मर्चंट नेव्हीच्या कोर्सला लागणारी आयएमयूची सीईटी देणारी, काही रेटिंगचा म्हणजे खलाशाचा कोर्स बघणारी. यातल्या निम्म्यांनी समुद्र बघितलाय तो चोर्ला घाट उतरून गोव्यात सहलीला गेल्यावर, तेवढाच. गोव्याचं सांगितलं की मी मध्येच हे पण घुसडतो की भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम तिथूनच निघाली होती, मार्मागोव्याहून, ६ डिसेंबर १९८१ ला, पोलर सर्कल नावाच्या नॉर्वेजियन जहाजावर, आणि ९ जानेवारी १९८२ ला तिकडच्या बर्फावर उतरली. ध्रुवीय संशोधनाची आपली राष्ट्रीय संस्था पण वास्कोलाच आहे. म्हणजे विषय लांबचा असला तरी दरवाजा शेजारीच आहे, दोन डोंगर ओलांडून. असो.

तर जहाज. एक्सप्लोरर १९६९ ला फिनलंडमध्ये बांधलं, पहिलं नाव लिंडब्लाड एक्सप्लोरर. प्रवाशांना ध्रुवाकडे न्यायचं एवढ्याच हेतूनं बांधलेलं हे पहिलं जहाज. १९७२ मध्ये अंटार्क्टिकात एकदा तळाला लागलं होतं, चिलीच्या नौदलानं माणसं काढली. १९८४ मध्ये नॉर्थवेस्ट पॅसेज पार केला, प्रवासी जहाजांत पहिलं. म्हणजे रेकॉर्ड बघितलं तर नवखं अजिबात नाही, उलट म्हातारं अनुभवी जहाज. लांबी साधारण ७३ मीटर. २००७ च्या त्या फेरीत ते अर्जेंटिनाच्या उशुआयाहून निघून फॉकलंड, साउथ जॉर्जिया करत अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे आलं होतं. ९१ प्रवासी, ९ गाइड, बाकी ५४ क्रू.

जागा होती ब्रान्सफिल्ड सामुद्रधुनी. एका बाजूला साउथ शेटलंड बेटं, दुसऱ्या बाजूला द्वीपकल्प. हा नकाशा मी बोर्डावर काढतो तेव्हा वेडेल समुद्र मुद्दाम मोठा काढतो, कारण खरा खेळ तिथला आहे. वेडेल समुद्रात वर्षानुवर्षं फिरत राहिलेला जुना समुद्री बर्फ आणि हिमनद्यांचे तुटलेले तुकडे द्वीपकल्पाच्या टोकाला वळसा घालून या सामुद्रधुनीत येतात. त्यात नोव्हेंबर म्हणजे सीझनची सुरुवात, मागच्या हिवाळ्याचा ताजा समुद्री बर्फ पण अजून विरघळलेला नसतो. म्हणजे एकाच बर्फाच्या मैदानात तीन जातीचा माल कालवून ठेवलेला. एका हिवाळ्यात गोठलेला, दोन-चार वर्षांचा जुना, आणि हिमनदीतून तुटलेला. आणि तिन्हींवर वरून बर्फ भुरभुरलेला, म्हणजे दिसायला सगळं पांढरंच.

यातला फरक पोरांना नीट कळला पाहिजे, नाहीतर पुढची केस कळत नाही. समुद्राचं पाणी गोठतं तेव्हा मीठ बाहेर टाकलं जातंय, पण सगळं जात नाही, आत खारट पाण्याचे बारीक कप्पे अडकून राहतात, त्यामुळे पहिल्या वर्षाचा बर्फ त्यामानानं कच्चा. तोच बर्फ एक उन्हाळा टिकला की ते कप्पे हळूहळू निचरून जातात आणि तो टणक होतोय. आणि हिमनदीचा बर्फ हा समुद्राचा नाहीच, तो जमिनीवर पडलेल्या हिमाचा, शेकडो वर्षं वरच्या थरांच्या वजनाखाली दबून हवा निघून गेलेला, गोड्या पाण्याचा, निळसर किंवा काचेसारखा काळपट. त्याचा छोटा तुकडा पाण्यावर एक मीटरपेक्षा कमी दिसतो, त्याला ग्राउलर म्हणतात, एक ते पाच मीटर दिसला तर बर्गी बिट. पाण्याखाली किती असेल ते तुम्हीच हिशोब करा, वर दिसतो तो आठ-दहावा हिस्सा.

हे सांगत होतो तेव्हा मागच्या बाकावरून एक पोरगा बोलला, त्याचे वडील उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आहेत. म्हणाला, "सर, आमच्यात ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नचं असंच असतंय की. रंग मारून ठेवलं की दोन्ही कास्टिंग सेम. अप्पा हातोडा मारून आवाज ऐकतात, मग सांगतात." मी म्हटलं एकदम बरोबर, फक्त ब्रिजवर हातोडा नसतोय. तो म्हणाला, "मग जहाजच हातोडा झालं की." सगळी हसली, पण मी ते वाक्य बोर्डावर लिहून ठेवलं, कारण एवढं चांगलं मला सुचलं नसतं.

आता ब्रिज. एक्स्पिडिशन जहाजाचा, म्हणजे अशा ध्रुवीय सफरीच्या जहाजाचा, ब्रिज आणि आमच्या मालवाहू जहाजाचा ब्रिज यात पहिला फरक म्हणजे गर्दी. आमच्याकडे वॉचवर, म्हणजे पाळीवर, एक ऑफिसर, एक लुकआउट म्हणजे समोर नजर ठेवणारा, आणि चहा. तिकडे बऱ्याच जहाजांवर दिवसा ब्रिज प्रवाशांना उघडा असतोय, लोक कॉफी घेऊन, दुर्बिणी घेऊन येऊन उभे राहतात, व्हेल दिसला की अख्खा ब्रिज स्टारबोर्डकडे, म्हणजे उजवीकडे, झुकतो, एक्स्पिडिशन लीडर येऊन विचारतो उद्या सकाळी अमुक खाडीत उतरायला जमेल का, वारा कुठला, स्वेल म्हणजे लांबून येणाऱ्या लाटा किती. लोकांनी लाखो रुपये भरलेले असतात आणि ते पेंग्विन बघायला आलेले असतात, जहाज थांबून उजेडाची वाट बघतंय हे बघायला नाही. मी त्या रात्रीबद्दल असं म्हणत नाहीये की कोणी दबाव टाकला, पण अशा जहाजाची रोजची हवाच ती असते, पुढे जायची. शिवाय अंटार्क्टिकाच्या टूर कंपन्यांच्या नियमाप्रमाणे एका वेळी शंभरच माणसं किनाऱ्यावर उतरवता येतात, त्यामुळे शंभर प्रवाशांचं छोटं जहाज म्हणजे सोनं, सगळ्यांना एका दमात उतरवता येतंय, आणि छोटं जहाज म्हणून ते आत आत जातंय जिथं मोठी जात नाहीत.

रात्री मात्र ब्रिज शांत. सगळे दिवे बंद, स्क्रीनचा उजेड एकदम कमी केलेला, चार्ट टेबलाला पडदा, कोणी दार उघडून उजेड आत सोडला तर शिव्या खातो, कारण अंधाराला सरावलेले डोळे परत सरावायला वेळ लागतोय. आणि इथे अजून एक गंमत आहे, तिकडे नोव्हेंबरच्या शेवटी मध्यरात्रीसुद्धा सूर्य क्षितिजाखाली फार खोल जात नाही, म्हणजे काळाकुट्ट अंधार नाही पण एक करडा उजेड, ढग असतील तर तो पण नाही. त्या उजेडात बर्फ आहे हे दिसतंय. निळा की पांढरा हे दिसत नाही. सर्चलाइट मारला तर समोरचं सगळंच पांढरं फटक होतंय. मला विचाराल तर पूर्ण काळोख परवडला, निदान आपल्याला दिसत नाही हे तरी कळतंय.

रडारचं पोरांना फार कौतुक, "सर रडारवर दिसत नाही काय?" दिसतंय, पण अर्धवट. लोखंडाच्या मानानं बर्फाचा परतावा फार कमकुवत. समुद्र खवळलेला असला की लाटांच्या ठिपक्यांत ग्राउलर हरवून जातोय, आणि ते ठिपके कमी करायला अँटी-क्लटर वाढवला की त्याच्याबरोबर ग्राउलर पण पुसला जातोय. बर्फाच्या मैदानाची कड रडारवर चांगली दिसते, आत कुठे मोकळं पाणी आहे ते पण बऱ्यापैकी कळतं. पण बर्फ किती टणक आहे हे कुठलंच रडार सांगत नाही. ते माणसानंच ओळखायचं, रंग बघून, आकार बघून, कडा कशा तुटल्यात ते बघून. सपाट आणि एका उंचीचा असेल तर समुद्री. वेडावाकडा, गोलाई आलेला, निळी झाक असलेला असेल तर लांब राहायचं.

आणि मग ती रात्र. मध्यरात्रीच्या सुमारास जहाज बर्फाच्या मैदानात होतं. आवाज झाला, खालच्या डेकवरच्या केबिनमध्ये पाणी आलं. पहिल्या बातम्यांमध्ये मुठीएवढं भोक असं आलं होतं, आपल्याकडच्या पेपरांत पण तसंच छापलं असणार, पण नंतरच्या चौकशीत नुकसान त्यापेक्षा बरंच मोठं धरलं गेलं. पाणी एका कप्प्यात थांबलं नाही, पुढे वीज गेली, जहाज कलंडायला लागलं. प्रवाशांना लाइफबोटीत आणि रबरी झोडियॅकमध्ये उतरवलं, लाइफबोटी वरून उघड्या, थंडी अंटार्क्टिकाची, आणि त्यात लोक कित्येक तास बसून राहिले. सकाळी नॉर्डनॉर्गे नावाचं नॉर्वेजियन जहाज आलं, नॅशनल जिओग्राफिक एन्डेव्हर पण मदतीला आलं, नॉर्डनॉर्गेनं सगळ्यांना वर घेऊन किंग जॉर्ज बेटाकडे नेलं, तिथून चिलीच्या हवाई दलाच्या विमानानं पुंता अरेनास. समुद्र त्या वेळी शांत होता. तो शांत नसता तर ही केस मी पोरांना अशी निवांत सांगू शकलो नसतो.

जहाजावर झेंडा लायबेरियाचा, म्हणून चौकशी लायबेरियानं केली, अहवाल २००९ मध्ये आला. त्याचा गाभा असा की कॅप्टन बर्फाच्या मैदानात शिरला ते हा पहिल्या वर्षाचा बर्फ आहे असं समजून, प्रत्यक्षात तो त्यापेक्षा कितीतरी टणक, जमिनीवरचा बर्फ होता. कॅप्टन बर्फातला माणूस नव्हता असं नाही. बाल्टिक समुद्रातल्या बर्फाचा त्याला चांगला अनुभव होता. अंटार्क्टिकाच्या बर्फात या जहाजाचा कॅप्टन म्हणून मात्र त्याची ही पहिलीच वेळ. आणि लोकांना वेळेत उतरवायचा निर्णय योग्य होता, त्यानं जीव वाचले, हे पण अहवालात आहे. हे दोन्ही एकाच माणसाबद्दल आहे हे पोरांना मी दोनदा वाचायला लावतो.

इथून पुढे माझं मत. बहुतेक जण ही केस "अनुभव कमी पडला" म्हणून मिटवतात. मला ते पटत नाही. बाल्टिकमध्ये हिमनद्या समुद्राला येऊन मिळत नाहीत, तिथे हिमनग नाहीत, आणि तिथला बर्फ दर उन्हाळ्यात सगळा वितळून जातोय. म्हणजे तिथे वीस हिवाळे काढलेल्या माणसानं सुद्धा एका हिवाळ्यापेक्षा जुना बर्फ तिथे कधी फोडलेलाच नसतो. त्याच्या डोळ्यानं हजार वेळा बर्फ बघितला, हजार वेळा जहाज गेलं, आणि दर वेळी डोळा बरोबर ठरला. असा डोळा नवख्याच्या डोळ्यापेक्षा जास्त धोक्याचा, कारण नवखा घाबरून स्पीड कमी करतो, आणि याला घाबरायचं कारणच कधी मिळालेलं नसतं.

आणि नुसता माणूसच नाही, जहाजाचं मोजमाप पण तिकडचंच. एक्सप्लोररचा आइस क्लास, म्हणजे किती बर्फ झेपेल याचा दर्जा, साधारण वन-ए च्या बरोबरीचा होता. हे क्लास मुळात फिनलंड आणि स्वीडनच्या नियमांतले, बाल्टिकच्या हिवाळी वाहतुकीसाठी बनवलेले, वन-ए म्हणजे साधारण ०.८ मीटर जाडीचा पहिल्या वर्षाचा बर्फ धरून केलेलं डिझाइन. ०.८ मीटर हिमनदीचा बर्फ नव्हे. म्हणजे ब्रिजवरचा माणूस म्हणतोय हा बर्फ मला माहीत आहे, आणि जहाजाचा कागद म्हणतोय हा बर्फ मला झेपतो, आणि दोघंही एकाच पट्टीनं मोजतायत, आणि पट्टी दुसऱ्या समुद्राची. दोन जण सहमत झाले की आपल्याला वाटतं डबल चेक झालं. इथं चेक एकच होता, दोनदा मोजलेला.

निपाणीचा एक पोरगा यावर अडून बसला. "सर, पण एवढं मोठं जहाज, आइस क्लासवालं, मग बर्फात जायचंच नाही काय? मग बांधलं कशाला?" प्रश्न चांगला आहे. जायचं, पण शिरण्याची पद्धत आहे. कडेजवळ आलं की स्पीड अगदी कमी, शक्य तेवढं काटकोनात, नाक आत घालायचं, मग लागेल तसा जोर वाढवायचा. हातानं स्टिअरिंग, इंजिन रूमला कळवून ठेवायचं, कारण बर्फाचा चुरा समुद्राचं पाणी ओढणाऱ्या तोंडात अडकला तर इंजिनचं कूलिंगच बंद. मोठा तुकडा दिसला की वळसा, आणि हिमनगाला वळसा घालायचा तर वाऱ्याच्या येत्या बाजूनं, कारण त्याचे तुटलेले तुकडे वाऱ्याबरोबर दुसऱ्या बाजूला पसरलेले असतात. आणि ओळख पटत नसेल तर थांबायचं. थांबणं हा पण एक मॅन्युव्हर आहे, आणि नोव्हेंबरात तिकडे चांगला उजेड व्हायला फार वाट बघावी लागत नाही, रात्रच मुळात छोटी.

टक्कर टाळायचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यातला सहावा, सेफ स्पीडचा, पोरं सीईटीच्या आधीच पाठ करून येतात. दृश्यता, आसपासची जहाजं, रडारच्या मर्यादा हे सगळं धडाधड म्हणतात. त्याच नियमात तरंगता बर्फ रडारवर पुरेशा अंतरावरून दिसेलच असं नाही हे स्पष्ट लिहिलंय, ते मात्र म्हणताना गिळून टाकतात, कारण बेळगावात बसून त्याचं काय करायचं असं वाटतंय.

यानंतर काय बदललं ते थोडक्यात. १ जानेवारी २०१७ पासून पोलर कोड, म्हणजे ध्रुवीय पाण्यात जाणाऱ्या जहाजांचे आंतरराष्ट्रीय नियम, लागू झाला. तो एक्सप्लोररमुळेच आला असं म्हणणं जास्तीचं होईल, त्यावर काम बऱ्याच वर्षांपासून चालू होतं, पण ही केस समोर ठेवून तो वाचला की कलमं ओळखीची वाटतात. लाइफबोटी अर्धबंदिस्त किंवा पूर्ण बंदिस्तच पाहिजेत. मदत यायला निदान पाच दिवस लागतील असं धरून तयारी पाहिजे. ब्रिजवरून फिरवता येणारे दोन सर्चलाइट पाहिजेत, सगळीकडे वळणारे. कॅप्टन आणि ऑफिसरना ध्रुवीय पाण्याचं वेगळं ट्रेनिंग. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पोलारिस नावाचं गणित, त्यात जहाजाचा क्लास आणि समोर कुठल्या जातीचा बर्फ दहापैकी किती हिस्से आहे हे घालून आकडा काढतात, शून्याच्या खाली गेला की सावध. चांगली गोष्ट. पण त्यात घालायची बर्फाची जात शेवटी कोण सांगणार? आइस चार्ट म्हणजे बर्फाचा नकाशा, तो एक-दोन दिवस जुना असू शकतो. म्हणजे परत खिडकीतून बघणारा माणूसच.

आता शेवटचा भाग, आणि यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवतो. ही पोरं उद्या गेली तरी कॅप्टन म्हणून जाणार नाहीत, कॅडेट म्हणून, मग थर्ड ऑफिसर म्हणून जाणार. बाजूला चाळीस वर्षं बर्फात काढलेला माणूस उभा असणार. आपल्याकडे घरात थोरल्या काकांसमोर मान वर करून बोलायची सवय नाही, कॉलेजात सरांना विचारायची नाही, आणि एकदम ब्रिजवर जाऊन परदेशी कॅप्टनला सांगायचं की तुम्ही चुकताय? म्हणून आम्ही नाटक करतो. मी कॅप्टन होतो, पोरं आळीपाळीनं थर्ड ऑफिसर. एक्सप्लोररच्या ब्रिजवर त्या रात्री कोण कोणाला काय म्हणालं ते आम्ही यात घालत नाही, आमचा सीन वेगळा, फक्त बर्फ तोच.

पहिला पोरगा काहीच बोलला नाही, नुसता दुर्बीण धरल्यासारखी करून उभा. दुसरा म्हणाला, "सर, तुम्हाला काय वाटतंय?" मी म्हटलं मला काही वाटत नाही, आणि सीन संपला. मग खानापूरची एक पोरगी उठली, तिनं आधी पाणी प्यायलं, आणि म्हणाली, "कॅप्टन, पुढे अर्ध्या मैलावर दोन तुकडे गोल कडांचे आहेत, निळसर वाटायलेत, मला ते ग्लेशियरचे वाटतात. मला उजेड होईपर्यंत थांबावं असं वाटतंय. निदान तीन नॉटवर आणू का?"

यात सगळं आलं, काय दिसतंय, काय भीती आहे, काय करायचंय, आणि शेवटी प्रश्न असा की कॅप्टनला फक्त हो म्हणायचंय. मी कॅप्टनच्या आवाजात मुद्दाम म्हटलं, "मी बाल्टिकमध्ये यापेक्षा जाड बर्फ फोडलाय, चालू दे."

ती गप्प झाली. मग निपाणीवाल्यानं विचारलं, "आता काय करायचं सर? कॅप्टनच नको म्हणाला."

मी तिच्याकडेच बघितलं. ती म्हणाली, "परत सांगणार. आणि पुढच्या टोकाला अजून एक लुकआउट पाठवायची परवानगी मागणार, वॉकी-टॉकी घेऊन. त्याला तर नको म्हणणार नाहीत की."

त्याला कुठलाच कॅप्टन नको म्हणत नाही.